एकाच पिशवीवर दोन नावं

त्या सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा सर उभ्यानंच फोनवर बोलत होते. "जी, जी, मैं दिखवाता हूँ," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ब्लड बँक का फोन था. एक ही बैग दो मरीजों के नाम पर चढ़ गई."

रायपुरातलं आमचं ऑफिस लहानच आहे. खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही. शहरातल्या एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते सगळ्या दवाखान्यांना स्क्रीनवर दिसतं. दवाखाना तिथूनच पिशवी राखून ठेवतो. नातेवाईक थेट खिडकीवर आले तर तिथली ऑपरेटर त्यांच्यासाठी पिशवी राखते. राखली की ती पिशवी मोकळ्या पिशव्यांच्या यादीतून जायला हवी. साधं काम आहे.

आदल्या दिवशी निगेटिव्ह गटाची एकच पिशवी शिल्लक होती. एका दवाखान्यानं ती आपल्या पेशंटसाठी राखली, त्याच वेळी खिडकीवरच्या ऑपरेटरनं दुसऱ्या पेशंटसाठी राखली. दोघांनाही संगणकानं ‘मंजूर’ म्हणून उत्तर दिलं. पिशवी खिडकीवर आलेल्या नातेवाइकाला मिळाली. दवाखान्याचा माणूस बर्फाचा डबा घेऊन आला, तेव्हा द्यायला काही नव्हतं. त्या पेशंटला दुपारपर्यंत दुसरीकडून रक्त मिळालं आणि ती वाचली. पण मधला सगळा वेळ तिच्या घरच्यांनी कसा काढला असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या ताईला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या समाजात, विदर्भातून इकडे आलेल्या घरांत आणि छत्तीसगडातही, हा आजार पुष्कळ घरांना ठाऊक आहे. आजोबा अकोल्याकडून रेल्वेत नोकरी करायला आले, बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, आणि भनपुरीच्या रस्त्याला लागून आमचं घर झालं. त्या घरात लहानपणापासून रक्ताच्या पिशवीची वाट पाहणं हा आमचा ठरलेला उद्योग होता. आई दवाखान्यात ताईजवळ, बाबा रक्तपेढीच्या बाकावर, आणि मी घरी फोनजवळ.

"कुणाची चूक आहे?" मी सरांना विचारलं.

"ऑपरेटर की. बुक हो चुकी बैग उसने हाथ से दे दी. उन्होंने उसको घर बैठा दिया है." सर खुर्चीत बसले. "तू एक बार सर्व्हर रीस्टार्ट कर दे, और लिख दे कि सिस्टम ठीक है."

मी सर्व्हर पुन्हा सुरू केला. पण सिस्टम ठीक आहे असं लिहिलं नाही. आधी त्या ऑपरेटरशी बोलायचं ठरवलं आणि रक्तपेढीतून तिचा नंबर घेतला.

ती पुरानी बस्तीत राहत होती. देवळामागच्या गल्लीत घर, दारात धुणं वाळत घातलेलं. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. कंत्राटी नोकरी होती, म्हणून तिला घरी बसवायला कुणाला कागदसुद्धा लागला नव्हता. मी सॉफ्टवेअरवाली आहे म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"आप लोगों ने ही लिखा होगा न, कि मेरी गलती है?"

"अजून काही लिहिलं नाही, दीदी," मी हिंदीत म्हणाले. "तुम्हाला काय दिसलं तेवढं सांगा."

"स्क्रीन पर बैग खाली दिखा रही थी, तभी तो बटन दबाई. मंजूर आया. मंजूर आएगा तो बैग देबेच करहूँ न?" रागात तिचं हिंदी छत्तीसगढीत घसरलं. मग पुन्हा हिंदीवर येत म्हणाली, "और वो स्क्रीन रोज ग्यारह बजे के आसपास एक बार कोरी हो जाती है. फिर आ जाती है. सबको पता है."

"तक्रार केली नाही कुणी?"

"करे थे. बोले, नेट का प्रॉब्लम है."

नेटचा प्रॉब्लम, असं उत्तर आमच्याच ऑफिसातून गेलं असणार. मी तिला कसलंही वचन दिलं नाही. पण गल्लीतून बाहेर पडताना मनात पक्कं झालं होतं की खरं काय घडलं ते सापडेपर्यंत या कामावरून उठायचं नाही.

परत येऊन तो कोड उघडला. मोकळ्या पिशव्या एका यादीत ठेवलेल्या होत्या. प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबर अशा याद्या, कोष्टकं, रांगा तयार मिळतात; आपण त्यांत वस्तू टाकायच्या आणि काढायच्या. त्या सामानालाच कलेक्शन म्हणतात. एकाच वेळी अनेक जण वापरणार असतील तर त्यातलीच कुलूप लावलेली, म्हणजे सिंक्रोनाइज्ड, यादी घ्यायची सोय असते. इथे ती घेतलेली होती. वर सूचना लिहिली होती: ‘ही यादी सुरक्षित आहे.’ आणि खाली, लिहिणाऱ्याच्या जागी, सरांच्या नावाची आद्याक्षरं.

हा कोड त्यांनी ऑफिस सुरू केलं तेव्हाचा होता. तेव्हा रक्तपेढीत एकच खिडकी होती, एकच संगणक. कित्येक वर्षं तो बिनतक्रार चालला होता.

मी माझ्या संगणकावर पिशवी राखून पाहिली. बरोबर. पुन्हा पाहिली, बरोबर. दिवसभर राखत बसले, एकदाही चुकलं नाही. संध्याकाळी सरांनी विचारलं, "मिला कुछ?" मी नाही म्हणाले. "फिर? जो तेरी मशीन पर नहीं आता, वो बग नहीं है."

घरी गेले तर ताई शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. ती शिकवते, तब्येत बरी असली की वर्गात, नसली की गादीवर. मी तिला सगळं सांगितलं.

"मंग तू काहून तोंड पाडून बसली?" ती म्हणाली.

"सापडूनच नाई राहिलं ना. मी एकटीच बटन दाबून राहिली, मी एकटी असली की सारं बरोबर."

"त एकटी नको दाबू."

बाबा चहा पीत होते. म्हणाले, "त्या बाईले घरी बसवलं त सोप्पं झालं साऱ्याईले. तू हे सोडू नको."

सोडणार नव्हतेच. ताईनं सहज म्हटलेलं मात्र खरं होतं. एकटीनं दाबून काही कळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रक्तपेढीत जाऊन खिडकीजवळ बसले. अकराच्या आधी दवाखान्यांतले राउंड संपतात, डॉक्टर रक्त लिहून देतात आणि सगळीकडून मागण्या एकदम येतात. स्क्रीनवरचे आकडे भराभर बदलायला लागले. बघता बघता सगळी यादी कोरी झाली आणि क्षणात परत आली. खिडकीवर त्या दिवशी दुसरीच मुलगी होती. तिनं मान वर करूनही पाहिलं नाही, इतकी तिला सवय झालेली.

ऑफिसात येऊन मी तो कोरेपणा आधी शोधला. स्क्रीनवर दाखवण्यासाठी प्रोग्राम यादी वरपासून खालपर्यंत वाचत जातो. वाचता वाचता कुणी त्यातली पिशवी काढली, तर यादी तक्रार करते: माझ्यात बदल झाला, आता मी वाचून दाखवणार नाही. ती तक्रार कुणीतरी पकडून तिथेच गिळली होती. तिची नोंद नाही, निरोप नाही, काही नाही. म्हणून स्क्रीन कोरी व्हायची आणि आम्ही नेटला नावं ठेवायचो. यादीला कुलूप होतं हे खरं, पण ते एकेका कामापुरतं होतं. पूर्ण यादी वाचणं हे एक काम नाही, ती पुष्कळ कामांची माळ आहे, आणि दोन मण्यांच्या मधे कुलूप उघडंच असतं.

हे लक्षात आलं आणि पिशवीचं कोडंही समोरच उभं राहिलं. पिशवी राखताना प्रोग्राम आधी विचारत होता: ही यादीत आहे का? हो म्हटलं की दुसरी आज्ञा द्यायचा: मग काढ. विचारताना कुलूप, काढताना कुलूप. मधल्या निमिषात कुलूप नाही. दवाखान्यानं विचारलं, आहे. तेवढ्यात खिडकीनं विचारलं, आहे. मग पहिल्यानं काढली. दुसऱ्यानंही काढायला सांगितलं, तेव्हा यादीनं प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं की काढायला काही उरलेलं नाही. पण ते उत्तर पाहणारी ओळच कोडमधे नव्हती. दोघांनाही मंजूर.

ओळी समोर असल्या तरी सरांना दाखवायला पुरावा हवा होता. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात पुष्कळ थ्रेड तयार केले, थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. सगळ्यांना एका दाराशी थांबवलं आणि दार एकदम उघडलं. सगळे एकाच पिशवीसाठी धावले. तरी चूक होईना. मग विचारणं आणि काढणं यांच्या मधे मी एक बारीकशी उसंत घातली. लगेच एक पिशवी तिघांना मिळाली.

सरांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, कोड वाचला.

"बीच में ये रुकना तूने डाला है," ते म्हणाले. "असली कोड में ये कहाँ है? ऐसे तो मैं भी किसी को चोर साबित कर दूँ."

"सर, उसंत फक्त ती जागा मोठी करते. जागा आधीपासून आहे."

"लिस्ट सिंक्रोनाइज्ड है, बेटा. मैंने खुद लगाई है."

हे ते चिडून म्हणाले नाहीत. तोच मला जास्त अवघड भाग वाटला. आपण लावलेल्या कुलपावर त्यांचा खरोखर विश्वास होता.

मी उसंत काढून टाकली. माझा लॅपटॉप जुना. एका वेळी फार धागे खऱ्या अर्थानं चालवू शकत नव्हता. रक्तपेढीच्या सर्व्हरसारखंच दुसरं यंत्र ऑफिसात चाचणीसाठी होतं, त्यावर प्रोग्राम चढवला. कोड सरांचाच, एक अक्षर न बदलता. चाचणी सतत चालू राहील अशी सोय केली आणि आम्ही डबे उघडले. सरही शेजारी बसून जेवत होते. जेवता जेवता पडद्यावर लाल ओळ आली: एकच पिशवी, दोघांना मंजूर. मग बऱ्याच वेळानं आणखी एक.

सरांनी डबा बाजूला सरकवला. "फिर से चला."

पुन्हा चालवलं. या वेळी थोडं थांबावं लागलं, पण लाल ओळ आलीच.

"इतने साल..." सर म्हणाले. मग, "एक खिड़की थी तब. एक ही लड़की बैठती थी."

"तेव्हा हे बरोबरच होतं, सर."

"तब भी बरोबर नहीं था," ते हळू म्हणाले. "बस पकड़ में नहीं आया."

मी लगेच विषय काढला. "रक्तपेढीला लेखी कळवावं लागेल की चूक सॉफ्टवेअरची होती. ऑपरेटरची नव्हती."

"पहले ठीक कर लेते हैं. फिर देखते हैं."

"सर, आपण ठीक करेपर्यंत ती घरी बसून आहे."

"क्लाइंट भाग जाएगा."

"त्यांना पुढेमागे कळलंच, तर जास्त भागेल. माझ्या नावानं पाठवा वाटलं तर. पण आज पाठवा."

ते उठून खिडकीशी गेले. परत आले ते गाडीची किल्ली घेऊन. "चल. लिख के क्या भेजना, सामने बोल देते हैं."

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर बाई कडक होत्या. सरांनी त्यांच्यासमोर सांगितलं की कोड त्यांनी स्वतः लिहिलेला आहे, ऑपरेटरनं स्क्रीननं सांगितलं तेच केलं. डॉक्टर बाईंनी आम्हाला चांगलंच सुनावलं. अजून कुठे कुठे असं होऊ शकतं, असं विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तपासून सांगेन. निघताना बाईंनी आमच्यासमोरच फोन लावला आणि त्या ऑपरेटरला उद्यापासून कामावर ये म्हणून सांगितलं. पलीकडून ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. बाई फक्त म्हणाल्या, "हाँ, पूरी तनख्वाह."

आता दुरुस्ती. पहिला उपाय मी सरळ केला: विचारणं आणि काढणं दोन्ही एकाच कुलपाच्या आत. आत एक जण असेल तर दुसरा बाहेर थांबेल. चाचणीत लाल ओळ यायची बंद झाली. रक्तपेढीत चढवलं, आणि काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी सगळं गोठलं. चूक नाही, तक्रार नाही. बटण दाबलं की नुसतं फिरणारं चाक. फोन त्या ऑपरेटरचाच आला.

"मैडम, सब जाम हो गया. हाथ से लिखना शुरू कर दिए हैं."

"कसं झालं?"

"अभनपुर वालों को बैग भेज रही थी. उधर से भी उन्होंने एक लौटाई, उसी टाइम."

अभनपूरला या रक्तपेढीचं एक साठवण केंद्र आहे. तिथल्या पिशव्यांची यादी वेगळी, तिचं कुलूप वेगळं. इथून तिकडे पिशवी पाठवायची तर आधी रायपूरचं कुलूप धरायचं, मग अभनपूरचं. तिकडून परत करताना आधी अभनपूरचं, मग रायपूरचं. दोघांनी एकाच क्षणी सुरुवात केली. प्रत्येकानं आपलं पहिलं कुलूप घट्ट धरलं आणि दुसऱ्यासाठी वाट पाहत उभा राहिला. कुणीच सोडेना. चालू प्रोग्रामचे सगळे धागे त्या क्षणी काय करत होते ते मी छापून काढलं, तर दोघांच्या ओळी समोरासमोर होत्या: हा त्याच्यासाठी थांबलाय, तो याच्यासाठी.

सर्व्हर पुन्हा सुरू करून मी जागेवर बसले.

घरी ताईनं चेहरा पाहूनच विचारलं, "आता काय झालं वं?"

"मी कुलूप लावलं त सारंच बंद पडलं."

"मले अभनपूरच्या दवाखान्यात नेलतं ना एकदा," ती म्हणाली. "तिथली सिस्टर म्हणे, तुमची पिशवी रायपूरच्या खात्यात दाखवून राहिली. अन् रायपूरवाले म्हणत, आमच्याकडून निघाली. अवं, पिशवी त एकच होती. गाडीत होती."

हे ती नुसतं आठवून सांगत होती, तिच्या दुखण्याच्या शंभर आठवणींपैकी एक. पण मी तिथेच अडकले. पिशवी एकच असते. मग आम्ही तिला दोन याद्यांमधे का ढकलत होतो? यादीतून काढा, यादीत घाला, आणि त्यासाठी दोन दोन कुलपं?

दुसऱ्या दिवशी याद्याच मोडल्या. त्यांच्या जागी एकच कोष्टक: पिशवीचा नंबर, आणि पुढे तिची अवस्था, म्हणजे कुठे आहे आणि मोकळी की राखीव. त्यासाठी त्या तयार सामानातलंच, अनेकांनी एकदम वापरायला बनवलेलं कोष्टक घेतलं. त्याला एक अशी आज्ञा देता येते: या नंबरची पिशवी मोकळी असेल तरच राखीव कर, आणि झालं की नाही ते सांग. विचारणं आणि बदलणं एकाच दमात, मधे शिरायला जागाच नाही. दोघांनी एकदम मागितलं तर एकाला ‘हो’ मिळतं, दुसऱ्याला ‘नाही’. आणि तो ‘नाही’ न वाचता पुढे जाणारी एकही ओळ मी ठेवली नाही. अभनपूरला पाठवणं म्हणजे त्याच पिशवीची अवस्था बदलणं. दोन कुलपांचा प्रश्नच उरला नाही. हे कोष्टक वाचत असताना कुणी बदल केला तरी ते अडून बसत नाही, म्हणून स्क्रीनही कोरी होईना. वाचलेलं चित्र क्षणभर जुनं असू शकतं, तेवढं मात्र आहे. म्हणून स्क्रीनवर ठळक लिहिलं: मंजुरी आल्याशिवाय पिशवी देऊ नये. आणि सर्व्हर कधी दोन झालेच, तर एका पिशवीवर दोन चालू नोंदी घ्यायच्याच नाहीत, असं डेटाबेसलाही सांगून ठेवलं.

सरांनी कोड ओळ न् ओळ वाचला. जुनी ‘ही यादी सुरक्षित आहे’ ही सूचना त्यांनी स्वतः पुसली. मग चाचणी चालवली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. लाल ओळ आली नाही. अभनपूरची उलटसुलट देवाणघेवाणही एकदम करून पाहिली. कुठे अडकलं नाही.

"अब चढ़ा दूँ?" त्यांनी विचारलं.

"उद्या. मी अकराला तिथे बसते, मग."

दुसऱ्या दिवशी नवा कोड चढला. खिडकीमागे ती ऑपरेटर होती. तिनं मला स्टूल दिलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. अकरा वाजले. मागण्या धडाधड यायला लागल्या. एका पिशवीवर दोन मागण्या आल्या तेव्हा मी पुढे वाकले. तिच्या स्क्रीनवर आलं: ही पिशवी आत्ताच राखली गेली, दुसरी निवडा.

"हव," ती स्वतःशीच म्हणाली आणि दुसरी निवडली. खिडकीपलीकडच्या माणसाला काही घडल्याचं कळलंही नाही.

डॉक्टर बाईंना दिलेला शब्द अजून बाकी होता. प्लेटलेट्सचा भाग, रक्तदात्यांना बोलावण्याचा भाग, सगळीकडे तशाच याद्या होत्या, आणि तक्रारी गिळणाऱ्या जागाही निघाल्या. मी एकेक उघडत गेले. ऑफिसात नियम केला की अनेक धाग्यांची चाचणी पार केल्याशिवाय कोणताही कोड रक्तपेढीत चढणार नाही. माझा नाही आणि सरांचाही नाही. रक्तपेढीनं काम आमच्याकडेच ठेवलं, पण हिशेब कडक केला: काय तपासलं ते दर आठवड्याला समोर येऊन सांगायचं.

मागच्या मंगळवारी सरांनी नवा भाग लिहून आणला. मोठ्या उत्साहानं दाखवला, आणि मी तो चाचणीला लावला. चहा येईपर्यंत लाल ओळ आली. सरांनी वाकून पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, कोड बदलला.

"फिर से चला," म्हणाले.

मी चालवला.